उकिरड्यावरचं कोनफ्लॉवर

"दादा, असं झाड द्या की बारा महिने फुललं पाहिजे, पाणी लागलं न्हाई पाहिजे, कचरा पडला न्हाई पाहिजे आन् शेळीनं तोंड लावलं न्हाई पाहिजे."

रोपवाटिकेच्या फाटकातून आत येणाऱ्या दहांतल्या चौघांची मागणी अशीच असते. एकदा कंटाळून मी एका गृहस्थाला म्हणालो, "बाजारात प्लॅस्टिकचं मिळतं बघा. फक्त धूळ पुसावी लागेल." त्यानं खरंच नेलं. दोन महिन्यांनी मुद्दाम स्कूटर थांबवून सांगून गेला, "दत्ताभाऊ, त्याचा रंग उडाला." म्हणजे तेही माझ्याच खात्यावर.

लातुरात रेणापूर रस्त्याला माझी रोपवाटिका आहे. तीसेक वर्षं हा धंदा केला. आता गुडघे बोलायला लागल्यापासून निम्मं काम बायकोनं, सुमननं, ताब्यात घेतलंय. उरलेलं निम्मं तिच्याकडं आधीपासूनच होतं. धंद्याचं म्हणाल तर लोकांना वाटतं, माती, शेणखत, काळी पिशवी आणि पाण्याची झारी, झालं. आमच्या भागात तर गिऱ्हाईक रोपाचा रंग नंतर विचारतं, पाणी किती लागतं ते आधी विचारतं. नळाला आठवड्यानं पाणी येणाऱ्या गावात त्यात त्याचं काही चुकत नाही.

पोलिसातले एक जमादारसाहेब नांदेडहून पिशवीत गुलाब घालून भांडायला आले होते. "तुम्ही लाल म्हणून दिला, दीड वर्ष झालं, निस्ते काटे वाढून राहिले." मी बघितलं. कलमी गुलाब म्हणजे खाली गावठी गुलाबाचा खुंट असतो आणि त्याच्यावर चांगल्या जातीचा डोळा बांधलेला असतो. खुंटाला स्वतःची फांदी फुटली की ती लगेच काढायची, नाहीतर ती सगळं खाते आणि वरचं उपाशी मरतं. साहेबांना खालची फांदी जोमदार दिसली, वरची मरतुकडी दिसली, म्हणून त्यांनी वरची कापून टाकली होती आणि खालचीला दीड वर्ष शेणखत घातलं होतं. हे सांगितल्यावर त्यांनी गुलाबाची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "खात्यात बी हेच केलं आम्ही." त्यांना मी दुसरा गुलाब दिला, पण ते वाक्य माझ्याकडंच राहिलं.

दर पावसाळ्यात वृक्षारोपणाला रोपं न्यायला एक साहेब येतात. म्हणजे साहेब दर दोन-तीन वर्षांनी बदलतात, खड्डे मात्र तेच असतात. मी फोटोला उभा राहत नाही, रोपं मोजून देतो.

पण या धंद्यात खरी एकच गोष्ट यावी लागते, ती म्हणजे मेलेलं कोणतं आणि जिवंत कोणतं हे ओळखणं. उन्हाळ्यात सगळंच वाळल्यासारखं दिसतं. आम्ही खोडाची साल नखानं जराशी खरवडतो. खाली हिरवं दिसलं तर जीव आहे, तपकिरी दिसलं तर संपलं. माझं नख या कामात कधी चुकलं नाही असं मी पुष्कळ लोकांना ऐकवलेलं आहे. ज्या वेळी ते चुकलं, म्हणजे खरं सांगायचं तर लावलंच नाही, त्याची ही हकिकत आहे.

वाघमारे सर लातूरजवळच्या मुरुडचे. निवृत्त मुख्याध्यापक, शर्ट कायम इस्त्रीचा, बोलणं मोजकं. घरासमोर चिंचोळं अंगण, त्यात त्यांनी माझ्याकडूनच मोगरा आणि कढीपत्ता नेलेला. एके दिवशी, नुकतीच पेरणी उरकली होती, सर आले ते थेट टेबलाशी. खिशातून कागदाची पुडी काढली, जपून उघडली. आत चाळीसेक बिया होत्या. करडईच्या बीसारख्या, पण बारीक आणि चपट्या.

"कोनफ्लॉवर म्हणतात याला," सर म्हणाले. "प्रज्ञाच्या दारात असतं. तिच्या ऑफिसातला एक मुलगा सुट्टीवर आला, त्याच्या हाती पाठवलं."

प्रज्ञा त्यांची एकुलती एक मुलगी. अमेरिकेत नोकरीला. सर आणि त्यांच्या पत्नी रत्नाताई दोघांनी तिकडं जायला दोनदा व्हिसाचा अर्ज केला, दोनदा नकार आला. प्रज्ञा दोन-तीन वर्षांतून एकदा येई. तेवढंच.

"हिला हे फूल बघायचंय," सर म्हणाले. "फोनवर प्रज्ञा दाखवते. पण हिला फोनात जांभळा डाग दिसतो फक्त. काचबिंदू आहे. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती जपायची. जवळून, उजेडात, अजून दिसतं तिला थोडं." मग जरा थांबून म्हणाले, "किती दिवस लागतील?"

मी झेंडूच्या हिशोबानं बोललो. "अडीच-तीन महिने धरा."

मला त्या फुलाचं काहीही माहीत नव्हतं. पण तीस वर्षं टेबलाच्या अलीकडं बसलेल्या माणसाला 'माहीत नाही' म्हणणं जड जातं. हे मी आता लिहितोय, तेव्हा सुचलं नव्हतं.

निम्म्या बिया मी झेंडूसारख्याच ट्रेमध्ये टाकल्या. वीस दिवस गेले, महिना गेला. एकसुद्धा कोंब नाही. माती उकरून बघितलं तर बिया कुजलेल्या. सरांना फोन केला आणि 'बी जुनं होतं' असं सांगून मोकळा झालो. सरांनी ते प्रज्ञाला सांगितलं, तिनं मला स्वतः फोन लावला. पोरगी मोठी नम्र, पण बापासारखीच मोजून बोलणारी.

"काका, बी गेल्याच हंगामातलं आहे. त्याला थंडी लागते. ओल्या रेतीत घालून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवा."

मग मला कळलं की हे झाड मूळचं तिकडच्या माळरानावरचं. तिथं थंडीत बर्फ पडतो. बी जमिनीत गार पडून राहतं आणि बर्फ वितळल्यावर उगवतं. थंडी खाल्ल्याशिवाय त्याला कळतच नाही की हिवाळा सरला. आता लातुरात बर्फ कुठून आणायचा? फ्रिजच.

सुमनचा फ्रिज म्हणजे देवघराच्या खालोखाल. श्रीखंडाचा रिकामा डबा घेतला, त्यात ओली रेती, रेतीत उरलेल्या बिया, आणि डबा मागच्या कोपऱ्यात सारला. दिवाळीला नांदेडची मेहुणी आली. तिनं हौसेनं डबा उघडला, चमचा घातला, तोंडाशी नेला. "भावजी, तुमच्या घरात काय खाऊन राहिले तुम्ही?" घरभर हसू झालं. सुमन मात्र हसली नाही. तिनं डब्यावर चिकटपट्टी लावली आणि त्यावर लिहिलं, 'हे खायचं नाही.' डबा तिनं बाहेर काढला नाही, हे तिचे उपकार.

दिवाळी झाल्यावर बिया पेरल्या. अकरा उगवल्या. दोन बुडाशी कुजून लवंडल्या, नऊ राहिल्या. मागच्या कोपऱ्यात, लिंबाच्या पलीकडं, त्यांचा एक वाफा केला. पानं लांबट, गडद, खरखरीत. महिनाभरात रत्नाताई स्वतः बघायला आल्या.

त्यांचं माहेर किल्लारीकडचं, शेतातच वाढलेल्या. बुटक्या, ठसठशीत, आणि नवऱ्याच्या उलट बोलायला मोकळ्या. सरांच्या दंडाला धरून वाफ्यापर्यंत आल्या, खाली बसल्या, आणि एकेक पान चिमटीत धरून बघितलं.

"गाईच्या जिभेवाणी लागतंय की ओ. फूल कवा?"

"पहिल्या वर्षी नुसती पानंच येतात म्हणे, ताई. पण आपल्याकडं ऊन जास्त. आषाढापर्यंत येईल बहुतेक."

"म्हंजे अडीच महिन्याचं आता आषाढावर गेलं." त्या हसल्या. "असू द्या. माझ्या डोळ्यास्नी सांगते थांबा म्हणून."

मी हसलो. सर हसले नाहीत.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी फोन. "दत्ताभाऊ, कळी?" "नाही ताई." "पानं किती?" मी बसल्या जागेवरून अंदाजानं आकडा सांगायचा. एकदा म्हणाल्या, "गेल्या बारीला बारा सांगितली होती, आज धा. दोन कुणी खाल्ली?" तेव्हापासून मी उठून मोजून सांगू लागलो.

मग उन्हाळा आला. त्या वर्षी चैत्रातच बोअर गुळण्या टाकायला लागला. टँकरचं पाणी आलं ते आंब्याच्या कलमांना आणि विकायच्या रोपांना. कोपऱ्यातल्या वाफ्याला उरलंसुरलं. वैशाखात त्या नऊ रोपांची पानं कडेनं करपली, मग सबंध वाळली. जमिनीवर काळपट देठ तेवढे राहिले. मी येता-जाता बघत होतो. संपलं, असं मी मनात म्हणून टाकलं. पानं वाळली एवढं सरांना सांगितलं होतं, रोपंच गेली हे कसं सांगायचं याचीच काय ती फिकीर होती. या रोपाला खोड नसतं, साल नसते, खरवडायला काही नसतं, आणि माती उकरून बघण्याचे कष्ट मी घेतले नाहीत.

आमच्याकडं मिरगाच्या पावसाआधी रान साफ करतात. नांगरलेल्या शेतातून बायका ओळीनं जातात आणि मागच्या पिकाची वाळलेली बुडखी, म्हणजे धसकटं, वेचून बांधावर टाकतात. रोपवाटिकेतही मी तेच करून घेतो. रेणापूरकडच्या गंगूबाई आणि त्यांच्याबरोबरच्या दोघी-तिघी दरसाल येतात. त्या वेळी मी नांदेडला होतो, त्याच मेहुणीच्या मुलीचं लग्न. जाताना सांगून गेलो होतो, "वाळलेलं सगळं काढा, वाफे मोकळे करा."

मांडवात बँड वाजत होता, पंगत बसत होती, आणि गंगूबाईंचा फोन आला.

"मालक, लिंबापल्याडल्या कोपऱ्यातली बी काढू का?"

"वाळलंय ना?"

"वरून वाळलंय. पण बुड लई जाड लागलालंय हाताला. जीव वाटलालाय मला."

"अहो गंगूबाई, दोन महिने बघतोय मी. वाळलंय ते. काढा."

"बरं, तुम्ही म्हनता तर," त्या म्हणाल्या. मी पंगतीत जाऊन बसलो. जिलेबी चांगली होती, एवढं आठवतं.

परत आलो तर वाफा लख्ख. मला बरंच वाटलं. चार दिवसांनी सरांचा फोन. त्यांचा आवाज एरवीपेक्षा मोकळा होता.

"दत्ताभाऊ, प्रज्ञाशी बोलणं झालं. मी तिला म्हटलं, पानं वाळली असं तुम्ही मागं म्हणाला होता. ती म्हणाली, काळजी करू नका. तिच्याकडंही दरवर्षी थंडीत वरचं सगळं वाळून जातं. मुळं जिवंत असतात, त्यातून परत फुटतं. वर्षानुवर्षं टिकणारं झाड आहे. फक्त मुळाला हात लावू नका म्हणाली."

मी 'हो सर' म्हणालो. फोन ठेवला. मागं उकिरड्यावर गेलो. पालापाचोळा, फुटक्या पिशव्या, झेंडूची धाटं, शेण, सगळा छातीएवढा ढीग. वरवर काठीनं उकरलं. आठ दिवस जेठाच्या उन्हात पडलेलं काय जगणार, असं म्हणून काठी टाकली.

सुमनला सांगितलं. ती म्हणाली, "खरं सांगून टाका." मग माझं तोंड बघून तिलाच दया आली असावी. "नाहीतर त्या गुलाबी झिनियाची कुंडी न्या. बाईंना आता कुठं एवढं दिसतंय."

तिनं ते सहज म्हटलं आणि लगेच जीभ चावली. पण मी ते उचललं. दुसऱ्या दिवशी गडद गुलाबी झिनिया, भरदार फुललेला, स्कूटरवर पायापाशी ठेवून मुरुडला निघालो. बार्शी रस्त्यानं जाताना वाटेत मी मनातल्या मनात सरांशी बोलत होतो. काय बोलायचं ते चोख पाठ झालं होतं.

सरांनी फाटक उघडलं, कुंडीकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. शाळेत कॉपी पकडल्यावर ते पोराकडं असंच बघत असणार. आवाज न चढवता म्हणाले, "हे ते नाही. मी रोज फोनवर बघतो ते. तुम्हीच सांगा तिला काय सांगायचं ते. मी सांगणार नाही."

रत्नाताई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. "दत्ताभाऊ आले का? या. कळी?"

मी समोर बसलो. पाठ केलेलं सगळं विसरलो. कुंडी बाजूला सारली. "ताई, रोपं गेली. साफसफाईत बायकांनी चुकून उपटली."

"कोण बायका?"

"आमच्या गंगूबाई."

"रानात कामाला जाणारी बाई हाय का?"

"हाव. जन्मभर."

"मग चुकून न्हाई उपटणार ती." त्यांच्या हातातली लसूण तशीच राहिली. "हाताला कळतंय की ओ, मेलेलं काय आन् जितं काय."

आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. मी सगळं सांगितलं. गंगूबाईंचा फोन, त्यांनी काय विचारलं, मी काय म्हणालो. कुंडीत झिनिया आहे आणि तो मी का आणला, तेही सांगितलं. मला लाज वाटत होती, आणि ती अजूनही पुरती गेलेली नाही.

रत्नाताई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कुंडीकडं हात केला, झिनियाची पाकळी चाचपली, आणि हात मागं घेतला.

"दत्ताभाऊ, आज मला एवढं एवढं दिसतंय," त्यांनी दोन्ही हातांनी डोळ्यासमोर भाकरीएवढं वर्तुळ केलं. "उद्या तेबी जाईल. तवा कुणी काहीबी आणून ठेवलं दारात, तर मी हाव म्हणायचं का?"

सरांनी आत जाऊन पाणी आणलं.

मग त्याच म्हणाल्या, "मुळं टाकली कुठं?"

"उकिरड्यावर."

"जाळला न्हाई ना उकिरडा?"

"नाही."

"मग हलवू नका. रानात कुंदा, हराळी, असली गवतं उन्हाळ्यात वाळून कोळसा होत्यात, बांधावर टाकतो आम्ही. मेली का कधी? ते बी जाड बुडाचंच हाय म्हणता. पाऊस पडू द्या आन् बघा."

मी कुंडी परत घेऊन आलो. तो झिनिया पुढं कुणाला विकायचं मन झालं नाही. सुमननं तो फाटकाशी लावला.

दुसऱ्या दिवशी गंगूबाईंच्या घरी गेलो, त्यांना सांगितलं की चूक माझी होती आणि मी ती तुमच्या नावावर टाकली होती. त्या म्हणाल्या, "टाका की, आमच्या नावावर लई गोष्टी हायेत." मग पदर खोचून माझ्याबरोबर निघाल्याच. उकिरड्याच्या एका अंगाला बोट दाखवलं. "हितं टाकल्यात. वर शेण टाकलं होतं मीच. जीव वाटत होता म्हनून."

ते ऐकून मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. मी त्यांना म्हणालो होतो काढा, त्यांनी काढलं. आणि माझा हुकूम न मोडता जेवढं करता येईल तेवढं त्यांनी केलं होतं.

पाऊस पडून तीन आठवडे झाल्यावर शेणाच्या थरातून दोन ठिकाणी खरखरीत पानं वर आली. नऊपैकी दोन. मी खाली वाकून पान चिमटीत धरलं. गाईच्या जिभेसारखं लागलं.

एक रोप मी इथं ठेवलं आणि दुसरं मुरुडला नेऊन रत्नाताईंच्या अंगणात, मोगऱ्याच्या शेजारी लावलं. मुळं खोल जाणारी असतात म्हणून हातभर खड्डा घेतला. त्या वर्षी फूल आलं नाही. येणारही नव्हतं, ते पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं होतं. भाजी धुतलेलं पाणी ताई त्याला घालायच्या. पुढच्या उन्हाळ्यात ते परत वाळलं. या वेळी मला त्यांचा फोन आला, "वाळलंय. पण बुड घट्ट हाय. फिकीर करू नका." गिऱ्हाइकानं रोपवाटिकेवाल्याला धीर देण्याची माझ्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ.

त्या उन्हाळ्यात सर त्यांना दोनदा नांदेडला घेऊन गेले. दुसऱ्या वेळी परतताना रोपवाटिकेपाशी गाडी थांबवली. ताई खाली उतरल्या नाहीत. सर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "आता उजेड आणि अंधार, एवढंच कळतं तिला." मी हिशोब केला. पहिल्या वर्षीची नऊ रोपं जागेवर राहिली असती तर याच्या आधी फुलली असती का? कदाचित असती. कदाचित नसती. लोक मला सांगतात, पहिल्या वर्षी नाहीच फुलत ते, तू कशाला मनाला लावून घेतोस. पण मुळं जागेवर राहिली असती तर त्या पावसाळ्यात ते दुसऱ्या वर्षात गेलं असतं. एक वर्ष माझ्यामुळं गेलं, यात मला तरी शंका नाही.

आषाढात सरांचा फोन आला. "या. उद्या सकाळी लवकर या."

सकाळी सातच्या आत मी मुरुडला होतो. मोगऱ्याच्या शेजारी, गुडघ्याच्या वर आलेल्या ताठ दांड्यावर एकच फूल होतं. इतकी वर्षं फुलं विकली, पण असं बघितलं नव्हतं. मधे उंच फुगीर बोंड, तांबूस-नारिंगी, आणि भोवती जांभळट गुलाबी पाकळ्या खाली लोंबत्या. अनोळखी माणसाला वाटेल, उन्हानं मान टाकली. पण ते तसंच असतं. गिऱ्हाईक पहिल्या दिवशीच परत घेऊन येईल असं फूल.

ताईंना खुर्ची दिली होती. त्या सारख्या मान वळवत होत्या, कुठून उजेड येतो ते शोधत. मी म्हणालो, "ताई, माझ्यामुळं एक साल गेलं."

"गेलं," त्या म्हणाल्या. समजूत घालायला त्या काही म्हणाल्या नाहीत. मला तेच बरं वाटलं.

सरांनी त्यांचा हात धरून फुलापाशी नेला. बोटं पाकळ्यांवरून खाली घसरली, परत वर आली आणि बोंडावर थांबली. त्यांनी हात चटकन मागं घेतला. मग परत ठेवला, आणि सावकाश, टोकांवरून, सगळं बोंड चाचपलं.

"प्रज्ञाला लावा फोन," त्या म्हणाल्या.

आमच्याकडं सकाळ, तिच्याकडं संध्याकाळ. पडद्यावर ती दिसली, मागं उजेड होता अजून. "आई! पप्पांनी फोटो पाठवला. किती छान आलंय. तुला दिसतंय का गं थोडं तरी?"

"न्हाई. तुझं फुललंय का?"

"हो, कुंपणाला ओळीनं."

"त्याच्यापाशी जा."

फोन हलला, पावलं वाजली. "आले. सांग."

"मधल्या बोंडाला हात लाव."

"कशाला गं?"

"लाव म्हणते तर."

फोनात पानं सळसळली. मी सरांकडं बघितलं, सर फुलाकडं बघत होते. मला कळलं होतं त्या काय करतायत. वर्षभरापूर्वी ओट्यावर बसून त्यांनी मला जे विचारलं होतं, त्याचं उत्तर त्या स्वतः काढत होत्या, माझ्यासमोर. मला मात्र ती झिनियाची कुंडी आठवत होती. फूल खरं होतं हे मला माहीत असूनसुद्धा.

"अगं आई," प्रज्ञा म्हणाली, "इतकी वर्षं झाली, मी कधी हातच लावला नव्हता याला. टोचतंय."

"वाळल्या करडईवाणी?"

"हो. तसंच."

रत्नाताईंचा हात अजून बोंडावरच होता. मी कुठं उभा आहे ते त्यांना दिसत नव्हतं, तरी तोंड बरोबर माझ्याकडं केलं.

"हाव दत्ताभाऊ," त्या म्हणाल्या. "हेच हाय."